दुधाचे दात तर पडणारच ना? : आमच्या अंगणातल्या रविवारच्या शाळेबद्दल

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय. मध्येमध्ये आमची नागपुरी येईल, ती चालवून घ्या.

आज दातांबद्दल बोलायचंय. लहान लेकरांच्या दुधाच्या दातांबद्दल. तुम्ही म्हणाल, हा सॉफ्टवेअरवाला, याचं दातांशी काय काम? बरोबर आहे. मी डेंटिस्ट नाही, बीटेक आहे, आणि माझ्या स्वतःच्या दोन दाढांमध्ये सिमेंट भरलेलं आहे. पण गेलं वर्षभर, सुट्टीचा रविवार मिळाला की मी कुहीत आमच्या अंगणात दहा-अकरा आशाताईंसोबत बसतो. त्यांनी घरोघरी जाऊन आयांना लेकरांच्या दातांबद्दल कसं सांगावं, हे आम्ही तिथे शिकतो. मी शिकवतो असं आधी म्हणायचो. आता म्हणत नाही. का, ते पुढे येईलच.

कुही माहीत नसेल तर सांगतो. नागपूरपासून चाळीसेक किलोमीटर, तालुक्याचं गाव. इकडे धान, तिकडे मिरची, आणि पलीकडे वैनगंगा. गोसीखुर्द धरणात आमच्या तालुक्यातली बरीच गावं गेली, त्यांची पुनर्वसनं झाली. अंभोऱ्याचा संगम पाहायला आता नागपूरहून लोक येतात. असो.

माझी आई आशा आहे. आशा योजना २००५ मध्ये सुरू झाली, त्यानंतर काही वर्षांनी आई लागली. लहानपणापासून मी तिची ती पिशवी पाहतोय. वजनकाटा, थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं, रजिस्टर. घरात जेवण होवो न होवो, कोणाच्या घरी बाळंतपण झालं की आई तिकडे.

आता मुख्य गोष्ट. २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं, मी पुण्यातली खोली सोडून घरी आलो, तो परत गेलोच नाही. २०२१ मध्ये माझ्या मोठ्या भावाला मुलगी झाली. भाऊ बुटीबोरीला शिफ्टमध्ये, वहिनी सेतू केंद्रात, आई गृहभेटींना. घरी कोण? माझी म्हातारी आजी, मी आणि लॅपटॉप. सकाळी अकरा वाजता आमचा रोजचा टीम कॉल असायचा. त्याच वेळेला पोरगी किरकिर करायची. मग मी काय करायचो? दुधात दोन चमचे साखर घालून बाटली तिच्या तोंडात द्यायचो. ती बाटली चोखतच झोपायची, माझा कॉल शांततेत व्हायचा. दुपारी आजी चहात टोस्ट बुडवून भरवायची. रात्री परत बाटली.

ती दोन वर्षांची झाली तेव्हा वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीला लागून, पांढरी रेघ दिसायची. मला वाटलं दुधाची साय चिकटली असेल. पुसून पाहिली, निघाली नाही, सोडून दिलं. काही महिन्यांत ती रेघ तपकिरी झाली. मग दात कडेने झिजायला लागले. आजी म्हणाली, दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत, काहून घाबरतो? मलाही पटलं. अडीच वर्षांची असताना एका सकाळी पोरीचा वरचा ओठ सुजलेला, ताप, हिरडीवर पू भरलेला फोड. नागपूरला नेलं. वरचे चारही पुढचे दात काढावे लागले. एवढ्याशा लेकराला बेशुद्ध करून. खर्च आईच्या दोन महिन्यांच्या मानधनाच्या वर गेला, पण ते सोडा.

तिथल्या डॉक्टरांनी मला एक गोष्ट दाखवली ती विसरता येत नाही. खालचे पुढचे दात एकदम चांगले होते. पांढरेशुभ्र. ते म्हणाले, बाटलीमुळे झालं की असंच दिसतं. चोखताना जीभ खालच्या दातांवर येते, तिथे लाळही भरपूर असते, म्हणून ते वाचतात. वरच्या दातांभोवती गोड दूध साचून राहतं. झोपेत लाळ कमी होते, तोंडातले जंतू त्या साखरेचं आम्ल करतात, आणि दुधाच्या दाताचं कवच तर आधीच पातळ. म्हणजे माझ्या पुतणीच्या तोंडात बघून कोणीही जाणकार सांगू शकला असता की हिला झोपताना बाटली कोणीतरी देत होतं. ते कोणीतरी म्हणजे मी.

येताना गाडीत आई बराच वेळ काही बोलली नाही. पाचगावच्या पुढे आल्यावर म्हणाली, "मी दुसऱ्याच्या घरी जाऊन लेकराचं वजन घेते, हात धुवायले लावते. अन् माझ्याच घरच्या पोरीच्या तोंडात मी पाह्यलं नाही."

तिने का पाहिलं नाही? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आई कामात कच्ची नाही. तिला जे करायला शिकवलं ते ती झोपेतही करेल. बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांत सहा भेटी: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवशीची धरून सात. मग २०१८ पासून दुसरा कार्यक्रम आला, लेकरू तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांचं असताना परत घरी जायचं. त्यात पोषण, आजारपण, बाळाची वाढ-विकास, पाणी-स्वच्छता. लोहाचं औषध, ओआरएस, लसी, वरचं खाणं. या चार खात्यांत दातांचं वेगळं खातं नाही. आणि ज्याचं खातं नाही ते थकलेल्या माणसाला दिसत नाही.

आता गंमत बघा. साधारण सहाव्या महिन्यात खालचे दोन दात येतात. मग वरचे. वर्षाच्या आसपास पुढचे बहुतेक दात आलेले असतात. सव्वा ते दीड वर्षात पहिल्या दाढा. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसही दात पूर्ण. आणि आई कधी जाते? सहा, नऊ, बारा, पंधरा. दातांनीच वेळापत्रक बनवल्यासारखं! नवीन भेट नको, नवीन माणूस नको. जी बाई त्या घरात त्या दिवशी जाणारच आहे, तिने फक्त लेकराचा वरचा ओठ उचलून बघायचं. ती पांढरी रेघ असते ना, मला साय वाटली होती ती, ती किडीची पहिली खूण असते. त्या टप्प्यावर खाण्यात बदल केला आणि फ्लोराईडची पेस्ट लावली तर कीड तिथेच थांबू शकते, दात परत घट्ट होऊ शकतो. खड्डा पडला की मग ते आपल्या हातात राहत नाही. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्यची टीम वर्षातून दोनदा येते, त्यांच्या तपासणीत दातही असतात. पण रोज अंगणवाडीत बसणारं लेकरू तीनच्या पुढचं. आमच्या पोरीचं तोवर सगळं आटोपलं होतं.

आणि हे आमच्याच घरचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात जगभरात दुधाचे दात किडलेली मुलं ५१ कोटींच्या वर धरली आहेत. आपल्याकडे २००२-०३ मध्ये दंत परिषदेने देशभर पाहणी केली होती, त्यात पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांचे दात किडलेले निघाले. निम्म्याहून जास्त!

तर मी इंजिनिअर. मला काय सुचणार? अ‍ॅप. दोन शनिवार-रविवार बसून एक फॉर्म बनवला, लेकराचं वय टाका, दातांची संख्या टाका, डाग आहे/नाही टिक करा. आईला दाखवला. तिने चष्मा लावून पाहिला आणि म्हणाली, "बाबू, तू रकाना वाढवला. मी त्यात भरू काय?" डाग कसा दिसतो हेच तिला माहीत नव्हतं. मला तरी कुठे माहीत होतं.

मग कॉलेजच्या वेळची एक मैत्रीण आहे, नागपूरला बीडीएस झालेली, तिला गाठलं. गटप्रवर्तक ताईंना विचारलं, त्या हो म्हणाल्या, पण ड्युटीच्या दिवशी नको, रविवारी करा. पहिल्या रविवारी मी प्रोजेक्टर लावला. अडतीस स्लाइड. जंतूंची नावं, दाताचा आडवा छेद, सगळं. शेवटी प्रश्नमंजुषा घेतली, सगळ्यांना पैकीच्या पैकी. मी खूश. चहा-पोहे झाले, फोटो काढले.

पुढच्या आठवड्यात आईसोबत एका घरी गेलो. नऊ महिन्यांचं बाळ. आईने वजन घेतलं, वरच्या खाण्याचं विचारलं, आणि निघता निघता एका दमात म्हणाली, "दात घासत जा, गोड देऊ नको, बाटली देऊ नको." ती पोरगी म्हणाली, "हो ताई." आम्ही बाहेर पडलो. बाळाच्या बाजूला गोड दुधाची बाटली तशीच पडलेली होती. तिघांनाही दिसत होती.

हे एक झालं. दुसरं याहून वाईट. माझ्या एका स्लाइडवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: रात्री दूध नको. मला म्हणायचं होतं बाटलीतलं गोड दूध. जागा कमी होती म्हणून मी छोटं केलं. एका ताईंनी ते जसंच्या तसं एका घरी सांगितलं. तिथलं बाळ सात महिन्यांचं, अंगावर पिणारं. त्या आईने बिचारीने रात्रीचं पाजणं बंद केलं. लेकरू रात्रभर रडायचं, सासू म्हणायची, आशाने सांगितलंय, रडू दे. तीन आठवड्यांनी आई त्या भागात काही कामाने गेली, बाळ तिला उतरलेलं वाटलं, काट्यावर ठेवलं तर वजन हललंच नव्हतं. विचारत विचारत माझ्या स्लाइडपर्यंत पोहोचली.

त्या दिवशी घरी येऊन आई माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आमचं बोलणं लोक मानतात. म्हणून आम्हाले चुकीचं शिकवू नको." बाळ पुढे सावरलं, आईने रोज जाऊन पाहिलं. पण सॉफ्टवेअरमध्ये चुकीचा कोड गेला तर आपण मागे घेतो, दोन तासांत सगळं पूर्ववत. घरात गेलेला चुकीचा सल्ला मागे घ्यायला आईला पंधरा दिवस लागले. तर हे स्पष्ट सांगून ठेवतो, ऐकणाऱ्यांपैकी कोणी आशाताई असतील तर त्यांच्यासाठीही: अंगावरचं दूध दातांसाठी बंद करायचं नसतं. पहिल्या वर्षात तर विषयच नाही. दात आले की सकाळी आणि रात्री स्वच्छ करायचे, आणि बाटलीत गोड काही घालून लेकराला झोपवायचं नाही. एवढंच.

मी प्रोजेक्टर परत केला. आणि मग खरं शिकणं सुरू झालं, त्यात माझा वाटा फार कमी आहे.

डॉक्टर मॅडमने, म्हणजे माझ्या मैत्रिणीने, दुसऱ्या रविवारी आल्या आल्या सांगितलं, लेकरांचं नंतर, आधी तुम्ही सगळ्या जणी तोंड दाखवा. अंगणात प्लास्टिकची खुर्ची, कपाळाला टॉर्च. एकदम शांतता. आमच्याकडे बायका गुडाखू घासतात हे तुम्हाला माहीत असेल. तंबाखू आणि गुळाचा पाक यांचा तो काळा लगदा, सकाळी दाताला लावला की तरतरी येते म्हणतात. खर्रा पुरुषांचा म्हणतात, पण तसंही काही नाही. त्या अकराजणींतल्या निम्म्या जणींच्या तोंडात काही ना काही होतं. काळे दात, पडलेल्या दाढा, सुजलेल्या हिरड्या. सर्वांत जुन्या ज्या ताई आहेत, त्या हसताना कायम पदर तोंडावर घेतात. मला वाटायचं लाजतात. त्या दिवशी त्या खुर्चीत बसल्याच नाहीत. तिसऱ्या खेपेला बसल्या. मॅडमने काहीही न बोलता सगळं पाहिलं, दुखतं का विचारलं, नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात कधी यायचं, कागद कसा काढायचा ते सांगितलं. खुर्चीतून उठताना त्या ताई म्हणाल्या, "इतकी वर्षं मी लोकांले सांगून राहिली हात धुवा, पाणी झाका. माझ्या तोंडात आजवर कोणी पाह्यलंच नाही. अन् माझेच दात असे, मी कोणाले काय सांगू?"

हे माझ्या कोणत्याही स्लाइडवर आलं नसतं. जिला स्वतःच्या तोंडाची लाज वाटते ती दुसऱ्याच्या अंगणात दातांचा विषय काढणारच नाही. एका दमात उरकून टाकेल, आईने उरकलं तसं. आणि यात शास्त्रही आहे. कीड करणारे जंतू बाळाला जन्मतः नसतात, ते बहुतेक वेळा घरातल्या मोठ्यांच्या लाळेतून येतात, चमचा चाटून भरवला, चोखणी तोंडात घालून पुसली, त्यातून. म्हणजे आईच्या तोंडाकडे न बघता लेकराचे दात वाचवायचे म्हणजे गळक्या टाकीखाली बादली ठेवण्यासारखं. त्या ताईंनी पुढे दोन दाढा काढून घेतल्या. गुडाखू सुटला का? नाही सुटला. सकाळचा बंद झाला, दुपारचा आहे. खरं ते सांगतो.

त्यानंतर आम्ही लेकरांकडे आलो. मॅडमने ओठ उचलायला शिकवलं. पद्धत अशी: आशाताई आणि बाळाची आई समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसायचं. बाळाचे पाय आईच्या कमरेभोवती, डोकं आशाताईंच्या मांडीवर. बाळाला वर बघितलं की आईचाच चेहरा दिसतो. रडलं तरी चालतं, रडताना तोंड उघडतं, काम सोपं होतं. ताईंची भीती वेगळी होती. एक म्हणाली, "लेकरू माझ्या हातात रडलं तर पुढच्या खेपेला दार कोण उघडीन?" म्हणून आता त्या आधी आईला स्वतःच्या बोटाने ओठ उचलायला सांगतात, स्वतः फक्त टॉर्च धरतात. हा बदल त्यांचा आहे, मॅडमचा नाही. मॅडमने तो वहीत लिहून घेतला.

पेस्टचं प्रकरण तर मजेशीर झालं. सगळ्यांना घरून पेस्ट आणि मंजनाचे रिकामे डबे-खोके आणायला सांगितले. अंगणात दोन ढीग केले, फ्लोराईड असलेले आणि नसलेले. नसलेल्यांचा ढीग मोठा. लाल मंजन, काळं मंजन, अमुक जडीबुटी. फ्लोराईड आहे की नाही ते खोक्यावर इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. आपल्याकडे पेस्टमध्ये ते जास्तीत जास्त दहा लाख भागांत हजार भाग एवढं असायची मुभा आहे, म्हणून १००० चा आकडा शोधायचा, हे ताईंनी लक्षात ठेवलं. आकडा सगळ्यांना वाचता येतो. मग किती लावायची? तीन वर्षांच्या आतल्या लेकराला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी. यावर एका ताईंचा प्रश्न, "कोणता तांदूळ, जाड का बारीक?" धानाच्या तालुक्यात हा प्रश्न येणारच. बारीक, असं ठरलं. ज्या गावच्या पाण्यातच फ्लोराईड जास्त आहे, विदर्भात यवतमाळ-चंद्रपूरकडे अशी गावं आहेत, तिथे लेकराच्या पेस्टबद्दल आधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र बोलायच्या सरावात जातो. दोघी-दोघींच्या जोड्या. एक आशा, एक सून. मध्येच तिसरी सासू होऊन घुसते आणि म्हणते, "आमची पोरं अशीच वाढली न वो, काय झालं त्यायले?" या सासूच्या भूमिकेत माझी आई नंबर एक आहे, तिच्यापुढे भल्याभल्या गप्प होतात. नियम एकच. आधी सांगायचं नाही, आधी विचारायचं: "रात्री झोपताना लेकरू काय पिऊन झोपते?" आणि मग गप्प बसायचं. मनात पाच आकडे मोजायचे. हे पाच आकडे मोजणं माझ्या ताईंना ओठ उचलण्यापेक्षा अवघड गेलं. उत्तर आलं की मग तीन-चार पर्याय समोर ठेवायचे. बाटलीतली साखर थोडी थोडी कमी करत न्यायची. किंवा बाटली जागेपणीच संपवून, तोंड पुसून झोपवायचं. किंवा वर्षाचं झालं की वाटीने-कपाने पाजायचं. किंवा बिस्कीट-टोस्ट जेवणाच्या वेळेलाच, दिवसभर हातात नाही. यातलं तुला कोणतं जमेल, असं तिलाच विचारायचं. ती जे म्हणेल ते रजिस्टरच्या कोपऱ्यात लिहायचं आणि पुढच्या भेटीत तेवढंच विचारायचं.

हे आमच्या मनाचं नाही. कॅनडात सरी नावाच्या शहरात पंजाबी कुटुंबांमध्ये असा प्रयोग झाला होता, २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सहा ते अठरा महिन्यांची २४० बाळं. अर्ध्या आयांना पत्रक आणि व्हिडिओ दिला. उरलेल्यांशी त्यांच्याच समाजातल्या, त्यांचीच भाषा बोलणाऱ्या प्रशिक्षित बायका याच पद्धतीने बोलल्या, आणि नंतर फोन करत राहिल्या. वर्षभराने पत्रकवाल्या मुलांमध्ये सरासरी १.९१ नवे किडलेले भाग निघाले, बोलणं झालेल्यांमध्ये ०.७१. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा उडालोच. पण मग पुढचंही वाचलं. अमेरिकेत नावाहो आदिवासींमध्ये हजारेक मुलांवर मोठा प्रयोग झाला, त्यांच्याच समाजातले कार्यकर्ते, वरून फ्लोराईडचा लेपही, आणि फरक काही पडला नाही. तिथली मुलं तीन ते पाच वर्षांची होती, बहुतेकांचे दात आधीच किडलेले. म्हणजे उशीर झाला होता. ब्राझीलमध्ये पहिल्या वर्षातच घरी जाऊन खाण्यापिण्याबद्दल सांगितलं, तिथे मुलं चार वर्षांची झाल्यावरही फरक दिसला. माझ्या मते वय ही इथली मुख्य गोष्ट आहे. आणि त्या वयात नेमाने घरात पाऊल ठेवणारी बाई म्हणजे आशा.

शिकवायच्या पद्धतीसाठी एवढं लांब जायचीही गरज नव्हती म्हणा. आमच्या शेजारीच गडचिरोलीला बंग दांपत्याच्या 'सर्च'ने गावच्या दाईंना बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं, तेव्हा त्यांना मोठे आकडे मोजायला लावले नाहीत. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची चौकट दिली, श्वास मोजत मणी सरकवायचे. पुढे ३९ गावांत त्यांच्या आरोग्यदूतांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. आई आज ज्या सहा भेटी देते त्यांचं मूळ तिथे आहे. बाईला आहे तशी धरायची आणि साधन तिच्या मापाचं करायचं. मी उलटं केलं होतं. साधन माझ्या मापाचं आणि बाई त्यात बसवायला निघालो.

आता पैशांचं. हे बोललो नाही तर आई हा भाग ऐकून मला जेवायला वाढणार नाही. तीन ते पंधरा महिन्यांच्या त्या पाच भेटी पूर्ण केल्या की आशाला अडीचशे रुपये मिळतात. भेटीला पन्नास. त्यात वजन, लस, खाणं, ओआरएस, सगळं. २०२३ च्या ऑक्टोबरपासून राज्यातल्या आशा संपावर गेल्या, पुढे आझाद मैदानात बसल्या, त्यात आमच्याकडच्याही होत्या. आणि मी म्हणतोय, ताई, दातही बघा. आम्ही घड्याळ लावून पाहिलं, ओठ उचलणं, एक प्रश्न, एक पर्याय, हे सहा ते सात मिनिटांत होतं. सहा-सात मिनिटं म्हणजे काही नाही असं मला वाटलं. एक ताई म्हणाल्या, "रोवणीच्या दिवसांत माय घरी कवा असते? आम्ही संध्याकाळी जातो. सात मिनिटं म्हणजे माझ्या चुलीवरचा भात." याला माझ्याकडे उत्तर नाही. शासनाच्या मौखिक आरोग्याच्या प्रशिक्षणात आशांचा समावेश झालाय, चांगलं आहे, पण त्या सात मिनिटांचा मोबदला कुठेतरी धरला गेला पाहिजे. नाहीतर ते एका दमात उरकलं जाणार आणि दोष परत ताईंचाच निघणार.

माय घरी नसते, यावरून आठवलं. मिरचीच्या सातऱ्यावर आई गेली की लेकरू आजीकडे. कधी आजोबांकडे, कधी माझ्यासारख्या लॅपटॉपवाल्या काकाकडे. सल्ला आईला आणि बाटली भरणार दुसराच! म्हणून आता ताई पहिला प्रश्न बदलून विचारतात, "दिवसा लेकराजवळ कोण असते?" आणि त्या माणसाला बोलावून समोर बसवतात. मागच्या महिन्यात एका घरी आजोबांना बसवलं. ते नातवाला रोज पाच रुपयांचं पाकीट आणि फ्रूटीसारखं ते गोड पाणी घेऊन द्यायचे. आईने ओठ उचलून टॉर्च त्यांच्याच हातात दिली. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे पांढरं आहे ते का?" आई म्हणाली, "हो बाबाजी, तेच." त्यांनी विचारलं, "जाईन काय हे?" आई म्हणाली, "अजून खड्डा नाही पडला. दोन महिन्यांनी मी येतो, मग पाहू."

पुतणी आता चार वर्षांची आहे. वरचे पुढचे दात नाहीत, 'स' म्हणताना हवा जाते, स्वतःच हसते. कायमचे दात सहा-सातव्या वर्षापासून येतील, आणि साधारण त्याच वेळेला सगळ्यात मागे, कोणताही दात न पाडता, पहिली कायमची दाढ येते. बरेच लोक तिला दुधाचीच समजतात आणि तीही घालवतात. आम्ही आत्तापासून नजर ठेवून आहोत. रात्रीचा ब्रश माझ्याकडे लागलाय. कितीही कॉल असले तरी साडेआठला मी आणि ती गुडघ्याला गुडघे लावून बसतो, तिचं डोकं माझ्या मांडीवर, आणि ती वरून ओरडते, "काका, बारीक तांदूळ!"

त्या आजोबांच्या घरची भेट येत्या गुरुवारी आहे. आईने मला टॉर्चचे सेल आणून ठेवायला सांगितलेत, ते आणायचे आहेत. चला, निघतो. पुढच्या भागात भेटू.